बंदराच्या सुरक्षेसाठी अमेरिकी सरकारचं अनुदान: अर्जाच्या आधीपासून शेवटच्या बिलापर्यंत

अमेरिकेतल्या बंदरांना सुरक्षेच्या कामांसाठी तिथलं केंद्र सरकार दर वर्षी अनुदान देतं. त्याचं नाव पोर्ट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम, कामकाजात सगळे पीएसजीपी म्हणतात. न्यूजर्सी, ह्यूस्टन, लाँग बीच, सिअ‍ॅटल अशा ठिकाणी कुणी टर्मिनलच्या आयटी विभागात असतं, कुणी फेरीबोट कंपनीचे हिशेब बघतं, कुणी बंदर प्राधिकरणात अभियंता असतं. अशा मराठी माणसांसमोर हा अर्ज कधी ना कधी येतो. आणि बहुतेकदा येतो तो फार उशिरा. मुदत संपायला तीन आठवडे उरलेले असतात, वरिष्ठ म्हणतात, "बघ जरा, आपल्याला काही मिळतं का," आणि हाताशी असतं ते फक्त कॅमेरे विकणाऱ्या कंपनीचं दरपत्रक.

दरपत्रकापासून सुरुवात केली की अर्ज तिथेच कमकुवत होतो. हे अनुदान वस्तू घेण्यासाठी नाही, बंदराचा एखादा ठरावीक धोका कमी करण्यासाठी आहे. तो धोका तुमच्या बंदराच्या सुरक्षा आराखड्यात आधीपासून नोंदलेला असावा लागतो आणि स्थानिक तटरक्षक अधिकाऱ्याला तो पटलेला असावा लागतो. म्हणून निम्म्याहून जास्त काम अर्ज मागवणारी जाहिरात निघण्याआधीच करायचं असतं. पुढचा क्रम त्याच हिशेबाने मांडला आहे.

## पैसा कुठला आणि कुणासाठी

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने विमानतळांइतकाच बंदरांकडेही मोर्चा वळवला. २००२ मध्ये सागरी वाहतूक सुरक्षा कायदा झाला, ज्याला तिथे एमटीएसए म्हणतात. २००६ मध्ये सेफ पोर्ट कायदा आला. या कायद्यांच्या आधारावर हे अनुदान चालतं. पैशाचा कारभार फेमाकडे, म्हणजे आपत्ती व्यवस्थापन बघणाऱ्या संस्थेकडे आहे. अर्ज तपासण्यात मात्र तटरक्षक दलाचा शब्द फार वजनदार असतो. ही विभागणी डोक्यात पक्की ठेवा, कारण पैशाचे नियम एकाकडून शिकायचे असतात आणि धोक्याची भाषा दुसऱ्याकडून.

२००८ च्या सुमारास या योजनेत वर्षाला जवळपास ३९ कोटी डॉलर होते. पुढे रक्कम घटत गेली. २०१८ ते २०२३ या काळात ती वर्षाला १० कोटी डॉलर राहिली आणि २०२४ मध्ये ९ कोटींवर आली. एवढ्या पैशात अटलांटिक, पॅसिफिक, मेक्सिकोचं आखात, ग्रेट लेक्स आणि मिसिसिपीसारख्या नद्यांवरची बंदरं असा सगळा देश बसवायचा असतो. त्यामुळे नुसती पात्रता पुरत नाही, स्पर्धेत उतरावं लागतं.

पात्र कोण? ज्या बंदर क्षेत्राला एरिया मेरिटाइम सिक्युरिटी प्लॅन आहे, त्या आराखड्याखाली येणाऱ्या संस्था. त्यात बंदर प्राधिकरणं आली, कंटेनर आणि इंधनाची टर्मिनलं चालवणाऱ्या खासगी कंपन्या आल्या, फेरी चालक आले आणि बंदराला सुरक्षा सेवा पुरवणारी शहराची, काउंटीची, राज्याची पोलीस व अग्निशमन दलंही आली. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची 'थ्री फोर्टी थ्री' ही मोठी आगविरोधी नौका होमलँड सिक्युरिटी खात्याच्या अनुदानातून २०१० मध्ये दाखल झाली. ट्विन टॉवर्सच्या हल्ल्यात त्या दलाचे ३४३ जवान गेले, त्यावरून तिचं नाव पडलं. त्या दिवशी जमिनीवरच्या जलवाहिन्या फुटल्या होत्या आणि हडसन नदीतल्या नौकांनी पाणी उपसून दिलं होतं. बंदर सुरक्षेच्या पैशातून आगीची नौका का, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही.

आपल्याकडची रचना वेगळी आहे, ते महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगून टाकतो. भारतात २००५ च्या सुमारास सुरू झालेली किनारी सुरक्षा योजना आणि २०११ पासूनचा तिचा दुसरा टप्पा केंद्राकडून राज्यांना मिळाला. त्यातून सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका, जेटी उभ्या राहिल्या. त्यात खासगी टर्मिनलने स्वतःचा प्रकल्प घेऊन स्पर्धेत उतरण्याची सोय नव्हती. अमेरिकेच्या पद्धतीत ती आहे, आणि स्वतःचा हिस्सा घालण्याची अटही आहे.

## पहिलं काम: नोंदणी, आणि ती आजच

केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर नोंदणी लागते. तिथे संस्थेला यूईआय नावाचा ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. नोंदणी मोफत आहे. "तुमची नोंदणी संपत आली आहे, इतके डॉलर भरा" अशी पत्रं आणि ईमेल येतात. ती खासगी कंपन्यांची असतात, त्यांना पैसे देण्याचं काही कारण नाही.

अडचण येते ती नावात. करखात्याकडे संस्थेचं नाव एका प्रकारे, राज्याच्या नोंदीत दुसऱ्या प्रकारे आणि पत्ता तिसराच असेल, तर पडताळणी आठवडेच्या आठवडे अडकते. आणि नोंदणी दर वर्षी नव्याने चालू ठेवावी लागते. अर्जाच्या दिवशी ती संपलेली निघाली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच लॉगिन करून मुदत बघा, खात्याचा ताबा कुणाकडे आहे ते बघा. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर ताबा बदलायलाही वेळ लागतो. अर्ज जिथे भरायचा त्या फेमा गो या प्रणालीत संस्थेचं खातं आणि सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती नोंदवण्याचं कामही याच सुमाराला उरकून घ्या.

## दुसरं काम: कॅप्टन ऑफ द पोर्ट आणि समिती

माझ्या मते यश इथेच ठरतं.

प्रत्येक बंदर क्षेत्रावर तटरक्षक दलाचा एक अधिकारी असतो, कॅप्टन ऑफ द पोर्ट. त्यांच्या पुढाकाराने एरिया मेरिटाइम सिक्युरिटी कमिटी चालते. तिच्यात बंदर प्राधिकरण, टर्मिनलं, पोलीस, अग्निशमन, सीमाशुल्क, फेरी कंपन्या असे सगळे बसतात. क्षेत्राचा सुरक्षा आराखडा या समितीच्या सल्ल्याने तयार होतो. तुमचा अर्ज आला की पहिली तपासणी स्थानिक पातळीवर होते आणि तिचं नेतृत्व कॅप्टन ऑफ द पोर्ट करतात. तुमचा प्रकल्प या बंदराच्या गरजांत कितव्या क्रमांकावर बसतो, हे तिथे ठरतं.

आता त्या जागी बसून विचार करा. समोर डझनभर अर्ज आहेत. त्यातल्या एका टर्मिनलचे सुरक्षा अधिकारी वर्षभर बैठकांना येतात, सरावात भाग घेतात, गेल्या सरावात पाण्याच्या बाजूने कुठे उणीव राहिली हे त्यांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या टर्मिनलचं नाव थेट अर्जावरच दिसतं. दोघांचे कागद सारखेच चांगले असले तरी पहिल्याचा धोका ओळखीचा आहे.

म्हणून समितीच्या बैठकांना जा. बहुतेक समित्यांच्या सायबर, सराव, अनुदान अशा उपसमित्या असतात. त्यातल्या एकीत काम अंगावर घ्या. तुमच्या सुविधेचा, म्हणजे टर्मिनलचा किंवा धक्क्याचा, फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर कोण आहे ते माहीत करून घ्या आणि त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. ते अर्ज लिहिणार नाहीत, पण त्यांच्या कपाटातलं सुरक्षा मूल्यांकन हाच तुमच्या अर्जाचा पाया आहे. आयटी विभागाने एकट्याने लिहिलेला अर्ज आणि सुरक्षा अधिकाऱ्यासोबत लिहिलेला अर्ज यातला फरक वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतो.

## तिसरं काम: धोका निवडणं, मग प्रकल्प

तटरक्षक दल धोका तीन भागांत मोजतं: हल्ला होण्याची शक्यता, आपली उघडी बाजू आणि हल्ला झालाच तर होणारं नुकसान. तुमच्या सुविधेच्या मूल्यांकनात नोंदलेल्या उणिवा काढा आणि प्रत्येकीपुढे हे तीन प्रश्न ठेवा. जी उणीव तुम्हाला रोज त्रास देते ती या मापात कदाचित खालच्या क्रमांकावर जाईल. मुख्य फाटकावरचा जुना अडथळा रोज अडकतो म्हणून तो पहिला वाटतो. पण पाण्याच्या बाजूला इंधनाची पाइपलाइन उघडी असेल आणि शेजारी फेरीचा गर्दीचा थांबा असेल, तर अर्ज तिथला करायला हवा.

त्या वर्षीच्या जाहिरातीत राष्ट्रीय प्राधान्यं दिलेली असतात. अलीकडच्या वर्षांत सायबर सुरक्षा आणि गर्दीच्या, सहज लक्ष्य होणाऱ्या जागांचं संरक्षण यांवर भर राहिला आहे. तुमचा धोका आणि हे प्राधान्य जिथे जुळतं तिथे प्रकल्प उभा करा. ओढूनताणून जुळवू नका, तपासणारे लोक याच क्षेत्रातले असतात.

कशाला पैसा मिळतो याची यादी मोठी आहे: गस्ती नौका, रडार, सोनार, पाण्याखाली चालणारी यंत्रं, कॅमेरे, कुंपण, दिवे, प्रवेश नियंत्रण, बंदर कामगारांच्या ट्विक ओळखपत्राचे रीडर, किरणोत्सर्ग शोधणारी उपकरणं, प्रशिक्षण, सराव, आराखडे. उपकरण फेमाच्या अधिकृत उपकरण यादीत आहे का ते बघून त्याचा यादीतला क्रमांक अर्थसंकल्पात लिहा. कशाला मिळत नाही तेही पाहून ठेवा: शस्त्रं आणि दारूगोळा, साधी सर्वसाधारण वापराची वाहनं, नेहमीच्या कर्मचाऱ्यांचे पगार. बांधकामावर कायद्यानेच मर्यादा आहे, त्यामुळे इमारत उभारण्याची स्वप्नं या पैशात बघू नका. अनुदानाच्या व्यवस्थापनासाठी साधारण ५ टक्क्यांपर्यंत खर्च धरता येतो.

एका टर्मिनलपुरत्या प्रकल्पापेक्षा आख्ख्या बंदराला उपयोगी पडणारा प्रकल्प जास्त वजनदार ठरतो. शेजारच्या टर्मिनलशी, बंदर पोलिसांशी सामंजस्य करार करून कॅमेऱ्यांचं चित्र एकमेकांना दिसेल अशी सोय करा. करार अर्जाच्या वेळी सही होऊन तयार हवा. वकिलांकडे तो दोन महिने पडून राहतो, हे गृहीत धरूनच सुरुवात करा.

## सायबर: इथे दुर्लक्ष करू नका

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक संगणकी हल्ल्यात मर्स्क कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली. तिच्या एपीएम टर्मिनल्सचं न्यूजर्सीतलं एलिझाबेथचं टर्मिनल बंद पडलं आणि आपल्या न्हावा शेव्यातलं गेटवे टर्मिनल्स इंडियाही. कंटेनर तिथेच होते, क्रेन तिथेच होत्या, कामगार हजर होते. पण कुठला कंटेनर कुणाचा आणि कुठे न्यायचा हे सांगणारी प्रणाली गेली होती. कंपनीने आपलं नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये ह्यूस्टन बंदराच्या यंत्रणेत घुसण्याचा प्रयत्न झाला. तो वेळेत लक्षात आल्यामुळे निभावलं.

तटरक्षक दलाने जानेवारी २०२५ मध्ये सागरी वाहतुकीसाठी सायबर सुरक्षेचा अंतिम नियम प्रसिद्ध केला. १६ जुलै २०२५ पासून तो लागू आहे. एमटीएसएखाली येणाऱ्या सुविधांना आणि अमेरिकी ध्वजाच्या जहाजांना सायबर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, मूल्यांकन करावं लागतं, आराखडा द्यावा लागतो. आराखडा सादर करण्याची मुदत १६ जुलै २०२७ आहे. म्हणजे हे काम टर्मिनलला तसंही करायचंच आहे. त्यातलं मूल्यांकन, ऑफिसचं जाळं आणि क्रेन-फाटक चालवणारं जाळं वेगळं करणं, बॅकअप, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, यांचा प्रकल्प नीट बांधला तर तो अनुदानाच्या प्राधान्यातही बसतो. फक्त एक पथ्य पाळा. "फायरवॉल आणि अँटिव्हायरस" एवढंच लिहून थांबू नका. कुठली यंत्रणा बंद पडली तर जहाजाचं काम किती वेळ थांबतं आणि तुमच्या प्रकल्पाने तो वेळ किती कमी होतो, ते लिहा. इंधनाच्या टर्मिनलवर झडपा संगणकावरून चालत असतील तर तो मुद्दा सर्वात वर आणा.

## चौथं काम: गुंतवणुकीचं समर्थन लिहिणं

अर्जाचा जीव असतो इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन नावाच्या कागदात. प्रत्येक प्रकल्पासाठी तो वेगळा. जाहिरातीसोबत दिलेला नमुनाच वापरायचा. हे सगळं इंग्रजीत लिहायचं असलं तरी मुद्दा कसा मांडायचा, तो मराठीत दाखवतो. एक कल्पित इंधन टर्मिनल घेऊ.

असं बरेच जण लिहितात: "आमच्या टर्मिनलवरचे कॅमेरे जुने झाले असून त्यांचं चित्र अस्पष्ट येतं. बारा आधुनिक कॅमेरे बसवल्यास सुरक्षेत लक्षणीय सुधारणा होईल."

आणि असं लिहायला हवं: "दक्षिण धक्क्याचा पाण्याकडचा सुमारे सहाशे फुटांचा भाग रात्री एकाही कॅमेऱ्यात दिसत नाही. जहाजातून येणारं इंधन याच भागातून टाक्यांकडे जातं. लागूनच फेरीचा थांबा असून संध्याकाळी तिथे गर्दी असते. सुविधेच्या सुरक्षा मूल्यांकनात ही उणीव नोंदलेली आहे. लहान बोट या बाजूने धक्क्याला लागली तर पहारेकऱ्याच्या पुढच्या गस्तीपर्यंत ती कळत नाही. चार थर्मल कॅमेरे आणि एक लहान रडार बसवल्यावर बोट धक्क्यापासून दूर असतानाच नियंत्रण कक्षात इशारा मिळेल. करारानुसार हेच चित्र बंदर पोलिसांच्या केंद्रातही दिसेल. चौथ्या तिमाहीअखेर यंत्रणा चालू होईल आणि पाचव्या तिमाहीत तटरक्षक दलासोबत सराव घेऊन इशारा किती वेळात पोचतो ते मोजलं जाईल."

दुसऱ्या मजकुरात कॅमेऱ्यांची संख्या कमी आहे, तरी तो जास्त पैसे मिळवू शकतो. त्यात जागा आहे, नुकसानीचा अंदाज आहे, नोंदलेली उणीव आहे, शेजाऱ्याचा फायदा आहे आणि यश मोजायची पद्धत आहे.

अशा तपशिलाला तिथे सेन्सिटिव्ह सिक्युरिटी इन्फर्मेशन म्हणतात. हा मजकूर साध्या ईमेलने सल्लागाराला पाठवू नका, कुठेही जोडू नका. त्यावर ठरलेली खूण घाला, फाइलला पासवर्ड लावा, पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवा आणि ज्याला कामासाठी गरज आहे त्यालाच दाखवा. तुमच्या धक्क्याची आंधळी बाजू कुठे आहे, हे लिहिलेला कागद चुकीच्या हाती पडणं किती घातक, ते वेगळं सांगायला नको.

## पाचवं काम: अर्थसंकल्प आणि आपला हिस्सा

सरकारी आणि ना-नफा संस्थांना प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या २५ टक्के रक्कम स्वतः घालावी लागते, नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपन्यांना ५० टक्के. 'एकूण खर्चाच्या' या दोन शब्दांवर अनेकांचं गणित अडतं.

समजा प्रकल्प ४ लाख डॉलरचा आहे. शहराचं पोलीस दल अर्ज करत असेल तर १ लाख त्यांचे आणि ३ लाख केंद्राचे. खासगी टर्मिनल असेल तर २ लाख आणि २ लाख. चूक अशी होते: केंद्राकडून ३ लाख मागायचे आहेत ना, मग त्याचे २५ टक्के म्हणजे ७५ हजार आपण घालू. आता एकूण झाले ३ लाख ७५ हजार आणि तुमचा हिस्सा भरला फक्त २० टक्के. अर्ज तिथेच अपुरा ठरतो.

हिस्सा रोख देता येतो किंवा वस्तू, कर्मचाऱ्यांचा वेळ अशा स्वरूपातही, पण प्रत्येकाची नोंद आणि दर दाखवावा लागतो. दुसऱ्या केंद्रीय अनुदानाचा पैसा इथे हिस्सा म्हणून दाखवता येत नाही आणि एकच खर्च दोन ठिकाणी मोजता येत नाही. छोट्या, २५ हजार डॉलरपर्यंतच्या प्रकल्पांना हिश्श्याच्या अटीतून सूट आहे.

अर्थसंकल्पात "सुरक्षा यंत्रणा, १ संच" अशी ओळ कधीही टाकू नका. कॅमेरा किती, एकाचा दर किती, खांब, केबल, बसवण्याचा खर्च, चाचणी, प्रशिक्षण असं सुटं करून लिहा. तपासणाऱ्याला एक भाग नाकारून बाकीचा मंजूर करता यावा, हे तुमच्याच फायद्याचं आहे.

## सादर करणं आणि वाट बघणं

जाहिरात साधारणपणे वसंतात निघते. २०२४ मध्ये ती एप्रिलच्या मध्यात निघाली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मुदत होती. पण एवढा वेळ दर वर्षी मिळेलच असं धरून चालू नका. केंद्राचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्याआधी मंजुऱ्या देऊन टाकायच्या असतात. जाहिरात उशिरा निघाली की अर्जाची मुदत आक्रसते.

जाहिरात शब्दन्शब्द वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. शेवटच्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी अर्ज पाठवा आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. स्थानिक तपासणीनंतर अर्ज राष्ट्रीय पातळीवर जातात. तिथे बंदराचा धोका, प्रकल्पाची गुणवत्ता आणि प्राधान्यं असं सगळं धरून निवड होते. मागितलेल्या रकमेपेक्षा कमी मंजूर होणं अगदी नेहमीचं आहे. कमी पैशात प्रकल्पाचा कुठला भाग आधी करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

## मंजुरीनंतर: पैसा मिळाला म्हणजे खर्चायला मोकळे झालो नाही

मंजुरीचं पत्र आलं की ६० दिवसांत ते स्वीकारायचं असतं. कामाची मुदत साधारण ३६ महिन्यांची, १ सप्टेंबरपासून. मंजुरीआधी केलेला खर्च सहसा धरत नाहीत, त्यामुळे घाईघाईने ऑर्डर देऊन बसू नका.

सर्वात मोठा अडथळा पर्यावरण आणि ऐतिहासिक वारशाच्या तपासणीचा, ज्याला ईएचपी म्हणतात. खांबासाठी खड्डा खणायचा असो, जुन्या इमारतीच्या भिंतीवर कॅमेरा ठोकायचा असो किंवा पाण्यात काही बसवायचं असो, फेमाची ही मंजुरी हातात येण्याआधी कुदळ लावायची नाही. आधी काम सुरू केलं तर त्या भागाचा पैसा जाऊ शकतो. छायाचित्रं, नकाशा, इमारतीचं वय, खड्ड्याची खोली हे सगळं देऊन अर्ज लवकर पाठवा. बंदरातल्या जुन्या गोद्या आणि गोदामं अनेकदा पन्नास वर्षांपेक्षा जुनी असतात, तेव्हा वेळ जास्त लागतो.

खरेदी स्पर्धात्मक हवी. जुन्या ठेकेदाराला थेट ऑर्डर देण्याची मुभा फार क्वचित मिळते आणि तिचं कारण लेखी द्यावं लागतं. ज्या सल्लागाराने निविदेच्या अटी लिहिल्या, त्याला निविदा भरता येत नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. २०१९ च्या संरक्षण कायद्यातल्या कलम ८८९ नुसार केंद्राच्या अनुदानातून हिकव्हिजन, दाहुआ, हायटेरा, ह्वावे, झेडटीई या चिनी कंपन्यांची ठरावीक उपकरणं घेता येत नाहीत. ऑगस्ट २०२० पासून अनुदानांना हे लागू आहे. वरचं नाव वेगळं आणि आतलं यंत्र यांच्यापैकी एकाचं, असेही कॅमेरे बाजारात असतात. म्हणून पुरवठादाराकडून लेखी हमी घ्या आणि मूळ उत्पादकाचं नाव मागा. पायाभूत बांधकाम असेल तर लोखंड, पोलाद आणि तयार माल अमेरिकेत बनलेला असण्याची अटही तपासा.

बहुतेक संस्था या अनुदानात आधी खर्च करतात आणि मग परतावा मागतात. त्यामुळे हिशेबखात्याला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा की ४ लाखांच्या कामात काही महिने आपला पैसा अडकणार आहे. लहान फेरी कंपनीसाठी हा प्रश्न अनुदान मिळण्याइतकाच महत्त्वाचा असतो. अनेकदा प्रकल्प रखडतो तो पैसा नाही म्हणून नाही, पैसा वेळेवर नाही म्हणून.

दर तिमाहीला आर्थिक अहवाल जातो, तिमाही संपल्यापासून ३० दिवसांत. प्रगतीचा अहवाल वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या अखेरीस. अहवाल थकला की परतावा थांबतो. वर्षभरात सर्व केंद्रीय अनुदानांतून मिळून १० लाख डॉलर किंवा जास्त खर्च करणाऱ्या सरकारी आणि ना-नफा संस्थेला स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पूर्वी ही मर्यादा साडेसात लाख होती.

मुदत वाढवून हवी असेल तर शेवटच्या महिन्यात मागू नका, बरीच आधी मागा, आणि उशीर का झाला ते कागदांनिशी दाखवा. ईएचपीला लागलेला वेळ चालतो. "आमचा माणूस बदलला" हे कारण सहसा चालत नाही.

## बंद करताना आणि त्यानंतर

मुदत संपल्यावर १२० दिवसांत अंतिम अहवाल देऊन अनुदान बंद करायचं असतं. बिलं, निविदा, करार, ईएचपीचं पत्र आणि हिश्श्याचा पुरावा निदान तीन वर्षं जपून ठेवायचे. उपकरणांवर क्रमांक लावून यादी करायची आणि दोन वर्षांतून एकदा तरी प्रत्यक्ष मोजणी करायची. नौका विकायची किंवा दुसऱ्या कामाला लावायची असेल तर आधी फेमाला विचारायचं.

देखभालीचा खर्च मात्र तुमच्या खिशातून आहे. खाऱ्या वाऱ्यात कॅमेऱ्याची काच, जोडणी, खांबाचे बोल्ट लवकर खराब होतात. रडारचं सॉफ्टवेअर दर वर्षी अद्ययावत करावं लागतं, नौकेचं इंजिन तपासावं लागतं. अर्ज करतानाच पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद आपल्या नेहमीच्या अर्थसंकल्पात मंजूर करून घ्या आणि तसं समर्थनाच्या कागदात लिहा. तपासणारे ते आवर्जून बघतात. आणि पुढच्या वर्षी अर्ज कराल तेव्हा कॅप्टन ऑफ द पोर्ट यांच्या कार्यालयातून कुणीतरी सहज विचारेल, गेल्या वेळचं रडार चालतंय ना? त्याचं उत्तर देताना नुसतं "हो" म्हणू नका, महिन्याच्या चाचण्यांची नोंदवही सोबत ठेवा.